येण्याजाण्याची खोली

घरं दाखवण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाची वाट सगळेच पाहतात. मधली एकाच गिऱ्हाइकाची वाट पाहत होती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे तिची मोठी जाऊ. कधी ना कधी जावेचं जुनं घर खचेल, ती नवं शोधायला निघेल, आणि निघाली की आपल्याकडेच येईल, कारण घरच्या माणसाकडून होणारं काम बाहेर द्यायची तिला सवय नाही, असा मधलीचा होरा होता. तो खरा ठरायला निम्मं आयुष्य गेलं. पण सूड ही नासणारी वस्तू नव्हे. कोरड्या जागी ठेवली तर पिढीभर टिकते.

मधली हे तिचं नाव नव्हे. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात तीन भाऊ होते आणि तिचा नवरा त्यातला मधला, म्हणून ही मधली सून. योगायोग असा की तिच्या वाट्याला आलेली खोलीही मधलीच. "मधली कुठंय?" असं कुणी विचारलं की "मधलीत" असं उत्तर मिळायचं आणि दर वेळी कुणीतरी हसायचं. विनोद चांगला होता. फक्त तो रोजचा होता.

घर अरुंद आणि लांब होतं. रस्त्याच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून मागे मागे वाढवत नेलेलं. आधी पुढची खोली, तिच्यामागे मधली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि शेवटी न्हाणीघर. बाजूने जायला बोळ नाही. बांधणाऱ्याने वाटेसाठी जागा वाया घालवली नव्हती. त्याने एका खोलीचीच वाट केली होती, आणि पुढे त्या वाटेत एक जोडपं ठेवण्यात आलं. खोलीला समोरासमोर दोन दारं होती. एकातून माणसं पंचा खांद्यावर टाकून आत यायची आणि दुसऱ्यातून न्हाणीघराकडे जायची. अंघोळ झाली की ओल्या पायांनी परत यायची. पलंगाच्या कडेने फरशीवर एक ओला पट्टा उमटलेला असे, तो उन्हाळ्यातही पुरता वाळत नसे.

मोठी जाऊ वर राहायची. जिना चढून गेलं की एकच प्रशस्त खोली, तिला एकच दार, दाराला आतून कडी. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे घर तिच्या हातात. मधली आली त्या दिवशी जावेने तिची पेटी स्वतः उचलून मधल्या खोलीत ठेवली आणि म्हणाली, "मधले, तूर्तास इथे राहा. पुढे बघू."

या 'तूर्तास'चा अर्थ शब्दकोशात वेगळा दिलेला आहे.

मधलीने पलंगाभोवती पडदा लावून पाहिला. जावेने तो धुवायला काढला आणि परत लावला नाही. "हवा अडते गं त्याने," ती म्हणाली. मग मधलीच्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी बसून एका दाराला आतून कडी ठोकली. संध्याकाळी ती कडी निघालेली होती आणि चार भोकं तेवढी उरली होती. "घरच्या माणसांना कुणी कडी लावतं का? आम्ही काय दरोडेखोर?" जाऊ म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे. वर राहणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

मधलीचा नवरा भला माणूस. त्याच्या बोलण्यात दोनच शब्द प्रामुख्याने येत: जाऊ दे. तो ते इतक्या वेळा म्हणे की एकदा मधली चिडून म्हणाली, "मी कुठं अडवलंय? जाऊच तर जात नाहीये!" त्यावर तो पोट धरून हसला. तेवढ्यात धाकटा दीर साबणाची डबी घेऊन आत आला, "काय झालं, काय झालं" म्हणून दोघांच्या मधे उभा राहिला, आणि त्यालाही तो विनोद समजावून सांगावा लागला.

त्यांना मूल झालं नाही. असं का झालं असावं याची घरात मनापासून चर्चा व्हायची. चर्चा करणारी मंडळी ती करता करता त्यांच्याच खोलीतून जायची आणि यायची.

मग नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. पलंग तोच, खोली तीच. शेवटच्या दुपारी त्याने मधलीचा हात धरला आणि म्हणाला, "ऐक, तुला एक सांगायचं राहिलंय." पुढच्या दारातून जाऊ बादली घेऊन आली. "चालू द्या तुमचं," असं म्हणत पलंगाला वळसा घालून मागे गेली. तो थांबला. ती परत येणार हे त्या घरात कुणालाही कळत होतं. ती परत आली, भरलेली बादली एकदा खाली ठेवून हात बदलला, आणि बाहेर गेली. त्याने पुन्हा तोंड उघडलं, तोच पुढच्या खोलीत कुणाची तरी चाहूल लागली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "नंतर सांगतो."

ते 'नंतर' आलं नाही. मधलीने पुढे पुष्कळ वर्षं त्याला काय सांगायचं असेल याचा विचार केला. कदाचित काहीच मोठं नसेल, कुठल्यातरी दुरुस्तीला टाकलेल्या छत्रीचं असेल. पण ते तिचं होतं, आणि ते एका बादलीपायी गेलं.

महिनाभरात तिने तीच पेटी उचलली आणि बाहेर पडली. जाऊ म्हणाली, "अगं, खोली आहे की तुझी." मधली म्हणाली, "वाट आहे ती, वहिनी." पण जाऊ तोपर्यंत जिना चढायला लागली होती.

पुढे ती एका घरं दाखवणाऱ्याच्या कार्यालयात फोन घ्यायला लागली, मग किल्ल्या घेऊन लोकांबरोबर जायला लागली, आणि काही वर्षांनी तिची स्वतःची पाटी लागली. तिच्या हातून सगळ्या थाटाची घरं गेली. दर्शनी चार खांब असलेले बंगले, ज्यांच्या खांबांवर काहीच उभं नव्हतं. स्लॅबवर शोभेला कौलं चढवलेली घरं. एकमेकांना पाठ लावून उभे असलेले जुळे बंगले, ज्यांतली कुटुंबं पुढे एकमेकांकडे पाठ करायची. काचेचे उंच मनोरे, ज्यांत राहणारा ऊन येतं म्हणून पहिल्या आठवड्यात पडदे शिवायला टाकतो.

माणसं घर नेहमी मागच्या वयासाठी घेतात, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. नवं जोडपं घर घेतं ते आईबापांच्या घरासारखं, मोठ्या जेवणाच्या टेबलासकट, आणि मग ते दोघं उभ्या उभ्या ओट्यापाशी जेवतात. मुलं लहान असताना ज्यांना अंगण परवडलं नाही ते अंगणवालं घर घेतात, तेव्हा मुलं दूरच्या गावी नोकरीला गेलेली असतात. आणि गुडघे गेले की माणसाला हमखास दुमजली घर आवडतं. म्हणून मधली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कमी आणि चालीकडे जास्त बघायची. नव्या जोडप्याला ती आधी दार लावून दाखवायची. "बाकी सगळं नंतर बदलता येतं," ती म्हणायची, "हे लागतं की नाही ते बघून घ्या." जोडपी लाजायची, आणि घर घ्यायची. म्हाताऱ्यांना ती तळमजला, शेजारी न्हाणीघर आणि रस्ता दिसणारी खिडकी दाखवायची. या बाबतीत तिचा शब्द कधी खोटा गेला नव्हता आणि ते तिला माहीत होतं.

जाऊ आली ती मुलाच्या आणि सुनेच्या मधे धरून आणलेली. थोरले दीर जाऊन काही वर्षं झालेली. धाकटा लग्न होताच वेगळा झालेला, तो परगावी. जुन्या घराच्या भिंतीला तडा गेला होता आणि आता ते पाडायचं ठरलं होतं. जावेचे गुडघे धनुष्यासारखे झालेले. केस पांढरे, पण नजर तीच, वरून खाली येणारी. बसायला मात्र खुर्ची बुटकी होती.

"मधले," ती म्हणाली, "किती वाळलीस गं."

"तुम्ही भरलात, वहिनी."

"काकू," पुतण्या म्हणाला, "तुझ्यावर सोपवतोय बघ. तू म्हणशील ते घर." लहानपणी तो मधल्या खोलीतून धावत जाताना तिच्या पलंगावर एक उडी मारायचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोने भिंतींचे रंग आधीच ठरवले होते. भिंती तेवढ्या बाकी होत्या.

मधलीने चष्मा पुसला. आयुष्यभर जे म्हणायचं होतं ते म्हणायची वेळ आली की माणूस भलतंच काहीतरी म्हणतो. ती म्हणाली, "चहा घेणार?"

तिने तीन घरं काढली. पहिलं मनोऱ्यातलं, केवळ नाकारण्यासाठी. जाऊ खिडकीशी गेली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "इथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. ओळखायची कशी कुणाला?" ते घर तिथेच संपलं.

दुसरं घर खरं होतं. म्हणजे जावेसाठी जे असायला हवं तेच: तळमजल्यावर, खोल्यांना जोडणारा सरळ बोळ, बोळाच्या तोंडाशी तिची खोली, शेजारी न्हाणीघर, आणि रस्त्यावर उघडणारी जाळीची बाल्कनी. दुसरं कुठलं गिऱ्हाईक असतं तर मधलीने सकाळची वेळ साधली असती, खिडक्या आदल्या दिवशी उघडून ठेवल्या असत्या. जावेला ती भर दुपारी घेऊन गेली. खिडक्या बंद, आत कोंदट वास, आणि शेजारच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकणं जोरात चाललेलं. ते गॅरेज दुपारी तासभरच तेवढा आवाज करायचं, हे मधलीने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"घर चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त..."

आणि थांबली. 'फक्त' हा शब्द धंद्यात जपून वापरायचा असतो. वापरला की पुढे काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक आपल्या मनानेच त्याच्या पुढचं वाक्य पुरं करतं. सुनेने ते बोळाकडे बघत पुरं केलं. पुतण्याने ते गॅरेजकडे कान देऊन पुरं केलं. दोघं एकदम म्हणाले, "नको."

"मला बरं वाटलं की," जाऊ म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. मधलीने ऐकलं.

तिसरं घर नव्या धाटणीचं होतं. ओळीतलं शेवटचं, पण आतून अर्धा मजला वर, अर्धा मजला खाली. पुढे बैठक, तिथून एक पायरी उतरली की मधे एक मोठी मोकळी जागा, तिच्या एका अंगाने वर झोपण्याच्या खोल्यांकडे जाणारा जिना, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर आणि परसातलं दार. कुठेही जायचं झालं तरी त्या मधल्या जागेतूनच. आराखडा काढणाऱ्याने कागदावर तिला 'फॅमिली लाउंज' म्हटलं होतं आणि विक्रीच्या पत्रकात लिहिलं होतं की या घरात अवकाश वाहता ठेवला आहे.

"बाई, इथे भिंतच नाही!" सूनबाई हरखून म्हणाली.

"आता भिंतींची चाल गेली," मधली म्हणाली.

"आणि माझी खोली कुठली?" जावेने विचारलं.

क्षणभर सगळे जिन्याकडे बघत राहिले. मग सगळे तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"आई, ही जागा आहे ना एवढी!" सूनबाई म्हणाली. "इथे तुमचा पलंग. उजेड आहे, न्हाणीघर जवळ. आणि तुम्ही अगदी आमच्या सगळ्यांच्या मधे!"

मधलीने आपला आवाज शक्य तितका सपाट ठेवला. हे वाक्य तिने इतकी वर्षं जपलं होतं की बाहेर काढताना त्याचा कोपरा तुटू नये याची तिला काळजी होती.

"तूर्तास इथे राहा, वहिनी," ती म्हणाली. "पुढे बघू."

ती जावेच्या चेहऱ्याकडे बघत होती. काहीतरी हलेल, एखादी शीर, एखादी भुवई. जाऊ चहूकडे नजर फिरवत होती.

"चालेल की," जाऊ म्हणाली.

हा मुरंबा थोडा कमी मुरल्यासारखा प्रकार झाला. पण मधलीने मनाची समजूत घातली. आपल्यालाही पहिल्या दिवशी कुठे कळलं होतं? ओला पट्टा उमटायला दिवस लागतात.

तिने घाई केली नाही. ते राहायला गेले, त्यांचं सामान लागलं, कामाच्या दिवसांची घडी बसली, मग एका सकाळी ऐन गर्दीच्या वेळी ती एक कुंडी हातात घेऊन बघायला गेली. नाटकाला जातात तशी, जरा बऱ्या साडीत.

पलंग अगदी मधोमध होता आणि जाऊ त्यावर उशांना टेकून बसली होती. नातू कानाला गाण्याचं यंत्र लावून जिन्यावरून खाली आला.

"ए, थांब. शर्टाचं बटण कुठंय तुझं?"

"आजी, उशीर होतोय."

"उशीर झालेल्याला बटण लागत नाही? इकडे ये." त्याला कान मोकळे करून उभं राहावं लागलं, आणि बटण लावून होईपर्यंत आजीने शाळेतल्या तिघा मुलांच्या भांडणाचा निकाल लावला. मग नळवाला आला. तो मागच्या नळाकडे जायला निघाला होता, पण वाटेत त्याला आपल्या बायकोचं बाळंतपण सांगावं लागलं. सूनबाई बॅग घेऊन ऑफिसला निघाली. पलंगाला वळसा घालताना तिने श्वास धरला होता.

"आज पुन्हा तोच निळा ड्रेस? काल कुणी काही म्हणालं का ऑफिसात? परवा फोनवर रडत का होतीस?"

"काही नाही, आई. सर्दी," म्हणून सूनबाई जवळजवळ पळाली.

जाऊ मधलीकडे वळली. गाल वर आले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सुखाचं होतं.

"मधले, काय घर दिलंस गं! बस, बस इथे. दिवस कसा जातो कळत नाही. पाखरू हललं तरी माझ्यावरून हलतं."

मधली पलंगाच्या कडेवर बसली. कुंडी तिच्या मांडीवरच राहिली.

"त्या वरच्या खोलीत जन्म गेला माझा," जाऊ म्हणाली. "कडी लावली की जग संपलं. खाली तुमचा सगळ्यांचा गलका, हसणं. कशाला हसताय तेही कळायचं नाही."

"भाऊजी होते की."

"पेपर होता. पेपरामागे तुझे भाऊजी होते." जावेने पाठीमागची उशी सारखी केली. "खरं सांगू? तुझा हेवा वाटायचा मला. सगळं घर तुझ्या अंगावरून जायचं."

"अंगावरूनच जायचं, वहिनी."

"मग तेच म्हणते मी."

"मग खोली बदलायची होती."

"तू कधी मागितलीस?" जाऊ म्हणाली. मग तिने प्रामाणिकपणे जरा विचार केला. "मागितली असतीस तर दिली नसती, ते सोड. पण मागितलीस का?"

मधलीच्या मनात त्या क्षणी काय होतं ते सांगायचं तर एकदम दोन गोष्टी होत्या. एक धंद्यातली. जिला लोक वयाप्रमाणे घर शोधून देणारी म्हणून ओळखत, तिने सुडाचं घरही मागच्याच वयासाठी निवडलं होतं. विशीतल्या बाईला जी खोली खायला उठते, तीच सत्तरीच्या पुढच्या बाईला जेवू घालते, हे तिला दुसऱ्या कुणासाठी झोपेतही सुचलं असतं. दुसरी गोष्ट अशी, की तिची सगळी तक्रारच या बाईने एका 'हेवा' या शब्दात बसवून, घडी करून, स्वतःच्या उशाखाली ठेवली होती.

एक गोष्ट तरी उरली असेल म्हणून तिने विचारलं, "वहिनी, हे गेले त्या दुपारी तुम्ही बादली घेऊन आला होतात. आठवतं?"

"कुठली बादली?"

"निळी."

"निळी?" जाऊ आठवू लागली. अगदी मन लावून, कपाळाला आठ्या घालून. "नाही गं. आपल्याकडे निळी बादली नव्हतीच. हिरवी असेल."

तेवढ्यात परसातून शेजारीण कोथिंबीर मागायला आली आणि जाऊ तिच्याकडे वळली.

मधलीने कुंडी पलंगाखाली ठेवली आणि उठली.

त्याच आठवड्यात तिने सूनबाईला फोन केला. "मी म्हणत होते," ती म्हणाली, "वहिनींना या वयात जरा एकांत नको का? दिवसभर ये-जा, झोप पुरी होत नसेल. एखादं पार्टिशन..."

"काकू," सूनबाई वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "सुतार कधी पाठवताय?" तिला आता कुणी रडण्याचं कारण विचारू नये असं वाटत होतं, आणि याच्यासारखं साधं मागणं दुसरं नाही. पुतण्याने तिच्या हातून फोन घेतला. "काकू, इतक्या वर्षांनी तू आईचं किती बघतेस," तो म्हणाला.

"घरातलीच आहे मी," मधली म्हणाली.

काम तिने स्वतः उभं राहून करून घेतलं. जिन्याच्या कडेने पार्टिशन गेलं, त्याच्या बाहेरून बोळ निघाला, आणि आत चारी बाजूंनी बंद अशी जावेची खोली तयार झाली. तिला बाजूची एक खिडकी, ती शेजारच्या भिंतीवर उघडणारी. न्हाणीघराचं दार आतूनच पाडून दिलं. "म्हणजे बाहेर यायची गरजच नाही," मधलीने सगळ्यांना समजावलं. इतरांना वरचं न्हाणीघर होतंच. सुताराने विचारलं, दार हलकं करू की भरीव? मधली म्हणाली, भरीव. आवाज आत यायला नको की बाहेर जायला नको, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, दोन्ही नको.

जाऊ पुढच्या बैठकीतल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होती. तिने सुरुवातीला धाक घालून पाहिला. "मला कशाला दार? मी काय आत चोरी करणार आहे?" मग विनवून पाहिलं. "अरे, माझं काय अडलंय असं? मी कुठं तक्रार केली?" मुलगा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच चाललंय गं." भल्यासाठी म्हटलं की माणसाकडे बोलायला काही उरत नाही. जाऊ मधलीकडे बघू लागली. या वेळी नजर वरून खाली येत नव्हती. काहीतरी तिला कळलं होतं, पण ते ज्याला सांगावं असं तिथे कुणी नव्हतं. सगळे मधलीचे आभार मानत होते.

पॉलिश वाळल्यावर तिला आत नेलं. पलंग भिंतीशी लावला होता, वर नवी चादर होती, मधलीची कुंडी खिडकीत होती. सगळ्यांनी छान छान म्हटलं आणि सगळे आपापल्या कामाला गेले. दोघीच उरल्या.

"मधले," जाऊ हळूच म्हणाली, "दार उघडं ठेवत जा म्हणून सांगशील त्यांना? तुझं ऐकतात."

"ते आपलं आपण लागतं, वहिनी. वर स्प्रिंग बसवली आहे. तुम्हाला उठायला नको."

"कुठली बादली म्हणालीस तू परवा?"

मधली दारात थांबली. ही बाई आता आठवायला तयार होती. निळी म्हटलं असतं तर निळी म्हणाली असती, रडली असती, हात धरला असता. मधलीला ते सगळं पुढे मांडून ठेवल्यासारखं दिसलं. हात पुढे केला की मिळालं असतं.

"जुनं आहे, वहिनी," ती म्हणाली. "आराम करा."

ती बाहेर आली. मागे दार सावकाश, कसलाही झटका न देता, मोठ्या घरंदाजपणे लागलं. सुतार चांगला होता.

बोळात नव्या लाकडाचा वास होता. जिन्यावरून नातू उतरला, कानाला यंत्र, बूट घातलेले, आणि मधलीच्या बाजूने पुढे निघून गेला. लाकडी पार्टिशन त्याच्या चालण्याने थोडं थरथरलं.

आतून आवाज आला. भरीव दारातून येताना तो फार बारीक झाला होता.

"कोण गेलं गं?"

पुतण्या कामावर गेला होता. सूनबाई स्वयंपाकघरात होती आणि तिने मिक्सर लावला.

"कोण आहे बाहेर? मधले, तू आहेस का?"

मधली पार्टिशनला लागून उभी होती, इतकी जवळ की नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पोहोचलं असतं. ती तशीच उभी राहिली. तिला अपेक्षेपेक्षा बरंच बरं वाटत होतं. मग ती पावलं न वाजवता पुढच्या दारापर्यंत गेली, तिथल्या चपला पायात न घालता हातात घेतल्या, कारण नव्या फरशीवर त्या फार वाजतात, आणि अनवाणीच रस्त्यावर उतरली.